स्लॅबमधल्या नाण्यांना वरून काय घालावं? (पावसाळ्याच्या आत मदत हवी)

अधेली | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझा संग्रह मुख्यतः सहाव्या जॉर्जचा. १९४० ते ४५ चे रुपये, काही अर्धे रुपये, १९४७ चा वाघवाला निकेलचा रुपया. शिवाय व्हिक्टोरियाचे थोडे रुपये आणि पाव आणे, जे बाहेरच्या लिलावातून स्लॅबसकटच घेतलेत (स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाण्याचा दर्जा ठरवून ते सीलबंद करते ती पारदर्शक प्लॅस्टिकची डबी). ग्रेड झालेली नाणी एकूण वीसेक. बहुतेक एनजीसीची, चार-पाच पीसीजीएसची, दोन्ही अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्या.

राहतो ठाण्यात, खाडीच्या अगदी जवळ. गेल्या पावसाळ्यानंतर १९४२ च्या एका रुपयाच्या कडेला पिवळसर तपकिरी झाक दिसायला लागली. स्लॅब कुठेही फुटलेला नाही, घेतल्यापासून उघडलेला नाही. मग आत हे कसं झालं?

आता यंदा वेळेत काहीतरी संरक्षण घ्यावं म्हणतोय. ऑनलाइन पाहिलं तर डोकं गरगरलं. स्लॅबच्या मापाच्या सुट्ट्या स्लीव्ह आहेत, वीस स्लॅब उभे राहतात ते प्लॅस्टिकचे डबे आहेत, आत फोम कापलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत, आणि भिंतीवर टांगायच्या मखमली फ्रेमसुद्धा. मला खरं तर फ्रेम फार आवडलीय. जाणकारांनी सांगावं.

खुर्दा | शुक्रवार, रात्री ११:०२

नाण्याला स्लॅब, स्लॅबला पिशवी, पिशवीला डबा, डब्याला कपाट, कपाटाला कुलूप. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आमचे आजोबा रुपये बटव्यात ठेवायचे हो.

गिरगावकर | शुक्रवार, रात्री ११:१०

खुर्दाशेठ, आजोबांच्या बटव्यातल्या रुपयांवर राजाचं नाक शिल्लक आहे का तेवढं बघून सांगा.

ढब्बू पैसा | शनिवार, सकाळी ७:२५

अधेली, आधी तुमच्या ‘आत कसं झालं’चं उत्तर, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

स्लॅब हवाबंद नसतो. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन भाग अल्ट्रासोनिक कंपनांनी कडेला वितळवून जोडतात. नाणं काढून दुसरं घातलं तर लगेच कळावं आणि हाताळताना बोटं लागू नयेत, ही त्यामागची मुख्य कल्पना. पीसीजीएस १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली, एनजीसी १९८७ ला. तेव्हा अमेरिकेतल्या बाजारात एकच नाणं विकताना ‘अनसर्क्युलेटेड’ (न वापरलेलं) आणि विकत घेताना ‘घासलेलं’ ठरायचं. तो तंटा मिटवायला ग्रेड आणि सीलबंद डबी आली. गंज थांबवणं हे तिचं काम कधीच नव्हतं. दोन्ही कंपन्या स्वतःच सांगतात की आमचा होल्डर हवा किंवा पाणी पूर्णपणे अडवत नाही. जोडातून हवा हळूहळू जाते-येते, म्हणजे खोलीत जी हवा तीच काही काळाने स्लॅबच्या आत.

दुसरं, तुमचा रुपया. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. इतकं तांबं पोटात असलेला धातू दमट हवेत रंग बदलणारच. त्याच ठिकाणी ठेवलेला तुमचा १९४७ चा निकेलचा रुपया जसाच्या तसा असेल, बघा.

आणि तुम्ही खाडीकाठी. तुमच्या भागात एसीच्या तांब्याच्या कॉइल काळ्या पडून गळतात अशी तक्रार सर्रास असते. खाडीच्या गाळातून येणारा हायड्रोजन सल्फाइड ते करतो. तोच वायू चांदी काळवंडवतो. कॉइल बदलता येते, रुपया नाही.

म्हणून स्लीव्ह की फ्रेम हा प्रश्न नंतरचा. आत्ता नाणी नक्की कशात ठेवलीत ते सांगा.

अधेली | शनिवार, सकाळी ९:५०

ढब्बू काका, एकदम मुद्द्याचं. होय, निकेलचा रुपया चकचकीत आहे!

सध्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एका खणात उभे लावून ठेवलेत. प्लायवूडचं शोकेस, आतून सनमायका, काचेचं सरकतं दार. झुरळं होऊ नयेत म्हणून कोपऱ्यात डांबरगोळ्या आहेत. स्लॅब एकमेकांवर घासू नयेत म्हणून प्रत्येकाला स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली पारदर्शक पिशवी, ओळखपत्राला असते तसली.

आम्लपित्त | शनिवार, सकाळी १०:१५

डांबरगोळ्या आधी काढा. हा प्रतिसाद वाचून होण्याआधी काढा. मग पुढे वाचा.

(व्यवसायाने रसायनशास्त्र शिकवते, नाण्यांचा नाद नवऱ्याला.)

स्लॅबचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनच्या जातीचं असतं. नॅफ्थॅलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, पृष्ठभाग धुरकट आणि चिकट होतो. बंद खणात हे व्हायला फार काळ लागत नाही. झुरळांसाठी जेल मिळतं, ते खणाच्या बाहेर लावा.

प्लायवूड: डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं, त्याचं हवेत फॉर्मिक आम्ल होतं. लाकडातून ॲसेटिक आम्लही येतं. सनमायकाने पृष्ठभाग झाकला जातो, कडा आणि खिळ्यांची भोकं उघडीच राहतात. संग्रहालयांत ओक आणि प्लायवूडच्या कपाटांवर फुली मारतात ती याच कारणाने. जुन्या युरोपियन नाणेसंग्राहकांची कपाटं महॉगनीची असायची, तेही उगीच नाही.

आता ओळखपत्राची पिशवी. ती जवळजवळ नक्की पीव्हीसी. मऊ, लवचीक, आणि नवीन उघडली की नव्या रेनकोटसारखा वास येतो. तो वास प्लॅस्टिक मऊ करायला घातलेल्या द्रव्यांचा. काळ जातो तशी ती द्रव्यं बाहेर झिरपतात आणि पीव्हीसीतला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने सुटायला लागतो. उघड्या नाण्यावर याचा हिरवा चिकट थर बसतो. स्लॅबमधल्या नाण्याला पिशवी थेट चिकटत नाही, त्यामुळे धोका कमी, पण स्लॅबच्या बाहेर तेलकट डाग पडतात आणि वाफ तर त्याच हवेत राहते. फुकट दुखणं कशाला घ्यायचं?

घरच्या घरी तपासायचं असेल तर तांब्याची तार पक्कड-चिमट्यात धरून गॅसवर लाल करा, ती पिशवीच्या कोपऱ्याला टेकवा, प्लॅस्टिकचा कण चिकटला की पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. आणि हे पिशवीवर करायचं, स्लॅबवर नाही. (होय, हे लिहावं लागतं.)

खुर्दा | शनिवार, सकाळी १०:३१

पेटवायचं नाही म्हणता? मग मजा काय.

वाशिष्ठी_काठ | शनिवार, दुपारी १:०५

‘स्लॅब हवाबंद नसतो’ हे आम्ही २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाहिलंय.

घरात पहिल्या मजल्याच्या जवळपास पाणी चढलं होतं. लोखंडी कपाट आडवं होऊन गाळात. त्यात स्लॅबची एक थप्पी होती. पाणी उतरल्यावर हातात घेतले तर सगळ्यांच्या आत पाणी हललेलं दिसत होतं. लेबलचा कागद फुगून शाई पसरलेली. नाण्याभोवतीच्या कड्यात बारीक लाल गाळाची रेघ, अगदी पेन्सिलने ओढावी इतकी सरळ, पाणी कुठवर थांबलं ते दाखवणारी. बाहेरून पुसून काही उपयोग नव्हता.

उलट माळ्यावर स्वयंपाकघरातला एक क्लिपवाला डबा होता, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला. त्यात सुट्टी नाणी फ्लिपमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत ठेवलेली. तो डबा घरभर तरंगला. उघडला तर आत कोरडा ठणठणीत.

गाळ भरलेले स्लॅब आम्ही फोडले. जाड फडक्यात गुंडाळायचं, पकडीने एका कोपऱ्यावर दाब द्यायचा, कड फाटते, मग दोन भाग हाताने सुटतात. हातोडा मारू नका, तुकडा उडून नाण्यावर चरा पडतो. नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवली, पाणी बदलत राहिलो, शेवटी मऊ सुती कापडावर नुसती ठेवून सुकवली. घासलं अजिबात नाही. स्लॅब फुटला की ग्रेड रद्द, तो भाग गेला. पण चांदीची बहुतेक नाणी सुटली. तांब्याच्यांवर डाग राहिले.

अधेली | शनिवार, दुपारी २:२०

बापरे. वाशिष्ठी, हे वाचून अंगावर काटा आला. डांबरगोळ्या आणि पिशव्या दोन्ही काढल्या. (हिरवी ज्योत आली. बायको अजून विचारतेय की मी गॅसवर काय जाळत होतो.)

पिशव्या काढल्यावर दोन स्लॅबवर खरंच तेलकट ओघळ आहेत. कापसाला ॲसिटोन लावून पुसू का? नाण्यांसाठी सगळे तेच सुचवतात.

आम्लपित्त | शनिवार, दुपारी २:२४

नाही!! ॲसिटोन नाण्यावरचं पीव्हीसी काढतो हे खरं, पण पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. स्लॅबचं प्लॅस्टिक दुधी होईल आणि बोटाचा ठसा कायमचा उमटेल. कोमट पाण्यात किंचित भांडी घासायचं लिक्विड, त्यात मायक्रोफायबर ओलं करून घट्ट पिळायचं आणि पुसायचं. जोडाच्या कडेला पाणी जाऊ देऊ नका. लगेच कोरडं करा.

न्यूजर्सीकर | शनिवार, रात्री ८:५०

इकडे सकाळ आहे, उशिरा बघितलं. मूळ प्रश्न खरेदीचा होता, त्यावर लिहितो.

स्लीव्ह: तिचं काम फक्त स्लॅबला चरे पडू न देणं. स्लॅब विकायला काढला की समोरचा आधी चरे बघतो, फोटोतही तेच आधी दिसतात. पॉलिप्रोपिलीन, पॉलिइथिलीन किंवा मायलर (पारदर्शक पॉलिएस्टर) यातली कुठलीही चालेल. एनजीसीच्या अलीकडच्या होल्डरना ओरखडे-रोधक थर असतो, तिथे स्लीव्ह ऐच्छिक. जुन्या पीसीजीएसना जरूर घाला. स्लॅब साधारण साडेआठ बाय सहा सेंटिमीटरचे असतात, पण दोन्ही कंपन्यांचं माप आणि जाडी तंतोतंत सारखी नाही, आणि पीसीजीएसचे अगदी पहिले होल्डर आणखी लहान होते. आत नाणं खुळखुळायचं म्हणून इकडे त्यांना ‘रॅटलर’ म्हणतात. त्यांना आता वेगळी किंमत येते, नाण्यापेक्षा डबीला! असला हाती लागला तर चुकूनही फोडू नका.

डबा: वीस स्लॅबचे डबे दोन्ही कंपन्यांचे मिळतात. खाचा आपापल्या मापाच्या. लाइटहाउस कंपनीच्या पेट्या चांगल्या बांधणीच्या, पण भारतात मागवल्या तर कस्टम आणि टपालासकट पेटीच्या किमतीत एखादा बरा रुपया येईल. ‘इंटरसेप्ट’ प्रकारचे डबेही आहेत, त्यांच्या आतल्या थरात तांबं असतं आणि ते हवेतला गंधक स्वतःवर ओढून घेतं. खाडीकाठी राहणाऱ्याने विचार करावा असा हा एकच महाग प्रकार.

ॲल्युमिनियमची पेटी दिसते भारी, पण आतला फोम बघा. स्वस्त काळा-करडा फोम पॉलियुरेथेनचा असतो, काही वर्षांत तो भुसभुशीत होऊन चिकटतो. पॉलिइथिलीनचा घट्ट फोम असेल तर ठीक.

एक सूचना. तुमचे १९४० नंतरचे रुपये आहेत म्हणून. त्या रुपयांची कड बघण्यासारखी असते, कारण खोट्या रुपयांना आळा घालायला दात्यांमधून सुरक्षा खाच काढली होती. एनजीसीच्या, प्लॅस्टिकच्या चार टोकांवर नाणं धरणाऱ्या होल्डरमध्ये ती कड तिरकी धरून दिसते. जुन्या, पांढऱ्या कड्यात पूर्ण रुतवलेल्या होल्डरमध्ये अजिबात दिसत नाही. नवीन घेताना हे बघून घ्या, खऱ्या-खोट्याची एक परीक्षा हातात राहते.

हमीबद्दल: ग्रेड चुकली तर कंपनी भरपाई देते, पण ग्रेड झाल्यानंतर हवामानाने नाणं बिघडलं तर ते हमीत बसत नाही. तांब्याच्या रंगाचं तर विशेष. ‘रेड’ लिहिलेला पाव आणा घरात ‘रेड-ब्राऊन’ झाला तर तो तुमचा.

अधेली | शनिवार, रात्री ९:३०

दादा, फार उपयोगी. तुम्ही तिकडे आहात म्हणून एक विचारतो. माझ्याकडे पंचम जॉर्जचा १९११ चा ‘पिग रुपी’ आहे, सुट्टा, स्थिती उत्तम. पुढच्या महिन्यात मेहुणा तिकडे येतोय. त्याच्यासोबत पाठवला तर तुम्ही ग्रेडिंगला टाकाल का?

ढब्बू पैसा | शनिवार, रात्री ९:४४

न्यूजर्सीकरांनी ‘हो’ म्हणण्याआधी मी ‘नाही’ म्हणतो.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हे कायद्याने पुरावशेष. ते देशाबाहेर न्यायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. ‘फक्त ग्रेडिंगला, परत येणार आहे’ हे कस्टमवाल्याला सांगून बघा. मेहुण्याचं विमान चुकेल, आणि ते त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. चित्रातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि सरकारला ठसा बदलावा लागला. त्या रुपयाने आणखी कुणाला अडचणीत आणायला नको.

तुमचे १९४० चे रुपये अजून शंभरीच्या आत आहेत, त्यांना हा कायदा लागत नाही.

न्यूजर्सीकर | शनिवार, रात्री ९:५८

काकांशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे अशी विनंती दर सुट्टीच्या आधी येते, नम्रपणे नाकारतो.

अधेली | शनिवार, रात्री १०:०५

कळलं. मग त्या रुपयाला कॅप्सूल, ती गोल प्लॅस्टिकची डबी?

ढब्बू पैसा | शनिवार, रात्री १०:३०

कॅप्सूलच. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ३१ ची घ्या. आत फोमचं कडं असेल तर ते पॉलिइथिलीनचं आहे ना विचारा. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर तात्पुरते बरे, मायलरची खिडकी असते आणि स्वस्त पडतात. पण स्टेपलच्या पिना सपाट दाबलेल्या नसल्या तर शेजारच्या होल्डरची खिडकी फाडून पलीकडच्या नाण्यावर चरा ओढतात. काढताना तर हमखास. पिना चारही आधी उपटायच्या, मग पुठ्ठा उघडायचा. घाईत पुठ्ठा फाडून नाणं ओढलं की पिनेचं टोक राजाच्या गालावरून जातं. बाजारात गालावर चरा असलेले व्हिक्टोरियाचे रुपये बघा, निम्म्यांची गोष्ट हीच असावी असा माझा संशय.

सातारी_शिवराई | रविवार, सकाळी ८:१०

ढब्बू काका, कॅप्सूलचा विषय निघालाच आहे तर. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराई आणि पेशवाईतल्या अंकुशी रुपयांचं काय? कॅप्सूल गोल, आमची नाणी गोल असतीलच असं नाही. शिवराई एका बाजूला चपटी, दुसरीकडे जाड. अंकुशी रुपया तर लहान आणि ठेंगणा, साध्या कॅप्सूलचं झाकणच बसत नाही.

ढब्बू पैसा | रविवार, सकाळी ८:५५

सातारी, तुमच्या नाण्यांना मी कॅप्सूल सुचवतच नाही. हाताने ठोकलेली नाणी मायलरच्या दोन खणी फ्लिपमध्ये ठेवा, एका खणात नाणं, दुसऱ्यात चिठ्ठी. कडक मायलर घ्या, मऊ नको. मऊ म्हणजे पुन्हा पीव्हीसी. कडक फ्लिपच्या कडा तीक्ष्ण असतात, सरकवताना नाणं घासू नका, फ्लिप थोडी दाबून तोंड उघडा आणि अलगद सोडा.

तांब्याच्या नाण्याला डबीत टाकण्याआधी मात्र भिंगाखाली बघा. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी खड्ड्यांतून वर येत असेल आणि नखाने काढल्यावर पुन्हा येत असेल, तर तो ब्राँझ डिसीझ. क्लोराइड आत शिरलेलं असतं आणि दमट हवा मिळाली की ते धातू खात बसतं. जुनी, गडद, कडक हिरवी पुटं वेगळी, ती स्थिर असतात आणि त्यांना हात लावायचा नाही. भुकटीवालं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या डब्यात ठेवायचं. चिंच-मीठ, राख, रांगोळी काही लावायचं नाही. कितीही सुंदर स्लॅबात घातलं तरी हा रोग आत चालूच राहतो.

पेशवाईतल्या नाण्यांवर कुणाला बसून वाचायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, संग्रहालय आणि ग्रंथालय दोन्ही. एकदा जाऊन या.

गिरगावकर | रविवार, दुपारी १२:४०

फ्रेमवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. मखमल आणि लोकर टाळा, रंग आणि डिंक दोन्हींतून वायू सुटतात. भिंत बाहेरची असेल तर पावसाळ्यात ओल घेते. समोर खिडकी असेल तर उन्हात प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि लेबल फिकं. शिवाय घरी येणारा प्रत्येक माणूस, केबलवाल्यापासून चुलत्यापर्यंत, ‘याचे किती मिळतील हो?’ विचारतो. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या प्रदर्शनांत लोक अशा फ्रेम लावतात ते दोन-तीन दिवसांपुरतं.

आणि स्लॅबसकट घेणाऱ्यांना: खोटे स्लॅबही येतात. लेबल, होलोग्राम, सगळं. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो असेल तर डाग-चरे जुळवून बघा. नुसता नंबर बरोबर निघणं पुरेसं नाही, खऱ्या स्लॅबचा नंबर चोरून खोट्यावर छापतात. पीसीजीएसच्या नव्या होल्डरमध्ये चिप असते, फोन टेकवला की कळतं.

माहीमची_खाडी | रविवार, दुपारी ३:१५

सगळं बँकेच्या लॉकरमध्ये टाकून मोकळं व्हावं की. एवढी उठाठेव कशाला?

वाशिष्ठी_काठ | रविवार, दुपारी ३:४०

बँकेची स्ट्राँगरूम बऱ्याचदा तळमजल्यावर किंवा तळघरात. पूर आला की काय होतं ते आम्ही पाहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, कर्मचाऱ्याची अफरातफर यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर जास्तीत जास्त तीन लाख. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत ती जबाबदारी नाही. लॉकर घ्या, पण आतही डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल हवंच. आणि वर्षातून एकदा उघडणार असाल तर जेल कधी संपलं हे कळणार कसं?

माहीमची_खाडी | रविवार, दुपारी ३:५२

हे भाड्याच्या पटीचं माहीत नव्हतं. तरी चोरीच्या भीतीने मी लॉकरच धरून ठेवणार. ज्याची त्याची भीती.

आम्लपित्त | रविवार, संध्याकाळी ५:३०

जेलचा विषय निघाला, तर तो नीट लिहिते. हे कुणी सांगत नाही आणि बुटाच्या खोक्यातली दोन ग्रॅमची पुडी टाकून निश्चिंत होतात.

सिलिका जेल फक्त बंद जागेतच काम करतं. शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटात पुड्या टाकणं म्हणजे अख्ख्या ठाण्याची हवा कोरडी करायला निघणं. आधी डबा हवा. वाशिष्ठींनी सांगितला तसा, झाकणाला रिंग आणि चारही बाजूंनी क्लिप. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो: ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, उत्तम. १ आणि २ चालतात. ३ म्हणजे पीव्हीसी, परत ठेवून द्या. वीस स्लॅबचा खाचांचा डबा या मोठ्या डब्यात जसाच्या तसा ठेवायचा, कारण त्या खाचांच्या डब्याचं झाकण नुसतं टेकलेलं असतं.

जेल रंग बदलणारं घ्या, नारिंगी ते हिरवं होणारं. निळं-गुलाबीही मिळतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मुलं असतील तर नको. या आकाराच्या डब्याला शंभर-दोनशे ग्रॅम, जाळीच्या किंवा सुती पिशवीत. दाणे स्लॅबला लागू देऊ नका, त्यांची धूळ चरे पाडते. रंग गेला की ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास, पूर्ण गार झाल्यावर परत आत. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, काही शेकड्यांत येतो. ४० टक्क्यांच्या आसपास आकडा असला की पुरे. पावसाळ्यात कोकणपट्टीत बाहेर ८५-९० असतं, म्हणजे फरक लक्षात येईल.

डबा पहिल्यांदा भरायचा तो कोरड्या दिवशी किंवा एसी चालू असलेल्या खोलीत. जुलैत धो-धो पावसात भरलात तर आत तीच हवा कोंडाल. आणि रबरबँड, वर्तमानपत्र, पुठ्ठा यातलं काही आत नको. रबरात गंधक असतो.

संग्रह मोठा असेल तर कॅमेरावाल्यांचं विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. मुंबईत लेन्सला बुरशी लागू नये म्हणून फोटोग्राफर वापरतात तेच. वीस नाण्यांना गरज नाही.

खुर्दा | रविवार, संध्याकाळी ५:४८

थट्टा बाजूला, ताई. हा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला आतून लावतोय. (डिंकाने नाही.)

ढब्बू पैसा | रविवार, संध्याकाळी ६:२०

आता अधेली, तुमच्या १९४२ च्या रुपयाबद्दल. ती झाक एकसारखी, पातळ, कडेकडून आत जाणारी असेल तर ती नुसती टोनिंग आहे, म्हणजे हवेने धातूवर चढलेला रंग. तसाच राहू द्या. कोरड्या डब्यात गेला की वेग जवळजवळ थांबेल. स्लॅब फोडून ‘साफ’ करायच्या नादात ‘क्लीन्ड’ (साफ केलेलं) शेरा येईल आणि ग्रेडचा आकडाही जाईल. हिरवा ठिपका किंवा चिकट थर दिसला तरच वेगळा विचार. त्यासाठी दोन्ही कंपन्यांकडे नाणी जतन करून पुन्हा स्लॅबमध्ये घालायची सोय आहे, पण साध्या रुपयाला तो खर्च परवडत नाही.

पाव आणे कुठले म्हणालात? १९०६ च्या आधीचे तांब्याचे असतील तर डब्यात पहिला मान त्यांचा. रुपये नंतर, निकेल सगळ्यात शेवटी.

अधेली | सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: पॉलिप्रोपिलीनचा क्लिपचा डबा आणला, बुडाचा आकडा बघून. दुकानदार म्हणाला लोणच्यासाठी का, मी हो म्हटलं. नारिंगी जेल आणि मापक मागवलाय. स्लीव्ह फक्त पीसीजीएसच्यांना. फ्रेम रद्द, गिरगावकरांच्या केबलवाल्यामुळे. १९११ चा रुपया ३१ च्या कॅप्सूलमध्ये त्याच डब्यात राहील, मेहुणा रिकाम्या हाताने जाईल.

रुपयावरची झाक भिंगाखाली बघितली, एकसारखी आहे, हिरवं काही नाही. पाव आणे १८६२ आणि १८७५ चे, दोन्ही खाचांत सगळ्यांच्या पुढे लावणार.

एकच शंका राहिली. वीस खाचांचा डबा एनजीसीचा घेतोय. त्यात पीसीजीएसचे स्लीव्हसकट बसतील का?

न्यूजर्सीकर | मंगळवार, पहाटे ५:३५

पातळ मायलर स्लीव्ह असेल तर बसतात, थोडे घट्ट. जाड पॉलिइथिलीनची असेल तर खाचेत अडकून स्लीव्हचं तोंड दुमडतं आणि काढताना स्लॅबची कड घासते. आधी एकच स्लीव्ह घालून सरकवून बघा, मग बाकीच्या मागवा. पीसीजीएसचे पाच एका टोकाला ठेवा आणि मध्ये एक खाच रिकामी सोडा, बोट घालून उचलता येतात.